जुनी फटफटी, नवी फटफटी

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर (सायकली आता चारदोनच उरल्या आहेत, नाव मात्र तेच आहे) एक वाद बारमाही चालतो. लांबच्या प्रवासाला खरी फटफटी कोणती, जुनी बुलेट की नवी हिमालयन? वाद घालणारांपैकी बहुतेकांच्या खिशात एस. टी.चा पास असतो आणि ज्यांच्यापाशी गाडी आहे त्यांची गाडी शंभर-सव्वाशे सीसीच्या पुढे जात नाही. तरीही आवेश असा, की जणू दोन्ही गाड्या घरच्या गोठ्यात बांधलेल्या आहेत. बुलेटवाले म्हणतात, "ती राजा गाडी. तिच्यापुढे बाकीची सगळी खेळणी." हिमालयनवाले म्हणतात, "लडाखला काय नेणार, तुमचं ते पणजोबांचं इंजिन?" मग कोणी तरी मोबाइलवर एखादी चित्रफीत दाखवितो, तासाची घंटा होते आणि वाद उद्यावर जातो.

मीही पासवालाच. परंतु २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत या दोन्ही फटफट्या चार दिवस आलटून पालटून चालविण्याचा योग मला आला. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता झाला. दोन घाट, दोन खाड्या आणि कोकणातले न मोजता येणारे खड्डे त्यात आले. तेव्हा या वादात बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आपल्याला पोचतो, असे समजून हा लेखनप्रपंच. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात फटफटीवर लिहावे काय, अशी शंका आमच्या काही प्राध्यापकांना येईल. पाऊस, आई आणि हुंडा या विषयांवर माझ्या मित्रांनी पुरेसे लिहिले असेल, अशी माझी खात्री आहे.

थोडे घरचे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय माझे मत कोठून आले ते कळणार नाही. पाटणच्या अलीकडे चिपळूण रस्त्यावर आमच्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे आमचे दोन खोल्यांचे घर. दादा सातवीपर्यंत शिकले आणि मग कऱ्हाडला एका मिस्त्रीच्या हाताखाली पान्हे पुसायला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेचे दिवस सोडले तर संध्याकाळी मी शेडमध्येच असतो. त्यामुळे माझ्या नखांतले काळे कधी पुरते जात नाही. पहिल्या वर्षी मी वर्गात हात बाकाखाली ठेवीत असे. आता ठेवीत नाही.

बुलेट दादांचीच, १९८६ सालची. कोणा दूधवाल्याने मोडीत काढलेली ती गाडी त्यांनी घेतली आणि तीन पावसाळे सुटे भाग जमवून उभी केली. तिच्यावरून दुधाचे कॅन गेले, गिऱ्हाइकांची उतरवलेली इंजिने गेली, एकदा रात्री आजीला दवाखान्यात नेले. सहलीला मात्र ती कधी गेली नव्हती. हिमालयन माझ्या मावसभावाची. तो चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. गाडी हप्त्यावर घेतलेली, २०२१ सालची, ४११ सीसीची. कोकणात जाऊ, हे त्यानेच काढले. दादांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय तिकडं?" काम काही नाही, नुसते फिरायचे, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बिनकामाचे पेट्रोल जाळणे ही कल्पना आमच्या घरात नवी होती. शेवटी म्हणाले, "जावा. पर बुलेट बी न्या. दोन गाड्या हायत म्हंजी एक तरी घरी येईल."

पहिल्या दिवशी कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ, दापोली, आंजर्ले, केळशी. तिसऱ्या दिवशी वेळास, बाणकोट, वेसवीहून पुन्हा फेरीबोटीने सावित्रीच्या खाडीपार बागमांडला, हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर. चौथा दिवस सर्वांत लांब: म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मग सातारा, कऱ्हाड आणि घर. लेहला जाऊन आलेले लोक याला लांबचा प्रवास म्हणायचे नाहीत. त्यांचा मनालीहून निघणारा रस्ताही पाचशे किलोमीटरच्या आतच संपतो, एवढेच त्यांना नम्रपणे सांगतो. उंचीचे म्हणाल तर ते निराळे.

आता या दोन गाड्यांचे नाते. दोन्ही एकाच घरच्या, रॉयल एन्फिल्डच्या. तेव्हा हा सगळा वाद म्हणजे आजोबा आणि नातू यांतला आहे, हे आमच्या स्टँडवरच्या वीरांना कोणी तरी सांगावयास हवे. बुलेट हे नाव इंग्लंडात १९३२ साली निघाले. १९५५ साली मद्रासला कारखान्याची सुरुवात झाली. १९७० च्या सुमारास मूळचे इंग्रजी घर बुडाले, पण मद्रासची शाखा चालूच राहिली आणि साहेबाच्या देशात बंद पडलेली गाडी आपल्याकडे चाळीस वर्षे जवळजवळ त्याच लोखंडी इंजिनावर निघत राहिली. १९९४ साली आयशर कंपनीने ती ताब्यात घेतली. हिमालयन २०१६ सालची. ४११ सीसीचे ते रूपही आता इतिहासजमा झाले आहे. २०२३ साली तिच्या जागी ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणारी नवी हिमालयन आली. म्हणजे आमचा 'नातू'ही कंपनीच्या हिशेबी म्हाताराच. पण रस्त्यावर आणि हप्त्याच्या पुस्तकात तो अजून तरुण आहे.

चालविण्याचा अनुभव सांगू लागलो तर हे पान पुरणार नाही, म्हणून जे मनात राहिले तेवढेच सांगतो. बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, त्यातला दट्ट्या ७० मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात ९० मिलिमीटर वरखाली होतो. रुंदीपेक्षा उंचीला जास्त, त्यामुळे तो सावकाश आणि जोराने ठोके देतो. पन्नास-साठच्या वेगात आणि चौथ्या गिअरमध्ये गाडी अशी चालते, की जणू तिला रस्ता पाठ आहे. चिपळूणहून गुहागरला जाताना उतरत्या उन्हात मी ती तशी चालविली. ते सुख खरे आहे. ते नाकारणारा माणूस एकतर खोटे बोलतो किंवा त्याने बुलेटवर बसण्याआधीच आपले मत ठरविलेले आहे. पण सत्तरच्या पुढे गेलात की तोच ठोका हातापायांत शिरतो. आरशातला मागचा ट्रक एकाचे दोन दिसू लागतो. तासाभराने मुठी सोडल्यावरही बोटे आपापली थरथरत राहतात. हिमालयनच्या इंजिनातही दट्ट्याची चाल लांबच आहे, ८६ मिलिमीटर. पण थरथर मोडण्यासाठी आत एक वजनदार दांडा उलटा फिरत असतो आणि गिअर पाच आहेत. महाड-पोलादपूरच्या महामार्गावर ती ऐंशीच्या वेगात चालत असता माझ्या मनात भलतेच विचार येऊ शकले. बुलेटवर त्या वेगात एकच विचार येतो: मडगार्डचा नट कसला आहे ना?

खड्ड्यांच्या बाबतीत तुलनाच नको. हिमालयनचे पुढचे चाक २१ इंची आहे आणि पुढचा शॉकॲब २०० मिलिमीटरपर्यंत दबतो. वेळासच्या वाटेवर जांभ्याचे दगड उघडे पडले होते, तिथे ती होडीसारखी वरखाली होत गेली आणि मी बसल्याजागी बसून राहिलो. मागून बुलेटवर येणारा मावसभाऊ मात्र पायऱ्यांवर उभा राहून येत होता आणि उतरल्यावर कमरेला हात लावून, "दादांनी ही गाडी बांधली की सिमेंटमध्ये बसवली?" असे विचारीत होता.

पण एका बाबतीत बुलेटचा विजय निर्विवाद, आणि तो मुद्दा मोबाइलवरच्या एकाही परीक्षणात मी ऐकलेला नाही. हिमालयनची बैठक जमिनीपासून ८०० मिलिमीटर उंच, मागची त्याहूनही उंच, त्यावर सामान बांधायचा सांगाडा. माझ्या मावशीने त्या गाडीवर एकदाच बसायचा प्रयत्न केला आणि "मी रिक्षानं येते" म्हणाली. माझी आई बुलेटवर लुगडे सावरून एका बाजूला बसते, एक हात दादांच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात पिशवी, आणि पाटणच्या बाजाराला जाऊन येते. लांब पल्ल्याच्या गाड्या बनविणारांच्या डोळ्यांसमोर प्रवासी म्हणून कोण असतो, हे त्या बैठकीच्या उंचीवरून कळते. एकटा पुरुष असतो, उंच असतो, त्याला घरचे कोणी बरोबर न्यायचे नसते.

एक गोष्ट स्टँडवर कोणालाच ठाऊक नसते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. हिमालयनचे नेमके उलट. शिवाय बुलेटचा पहिला गिअर वर उचलून पडतो आणि बाकीचे खाली दाबून. दिवसाआड गाडी बदलायची म्हणजे दोन्ही पायांना नवीन भाषा शिकविण्यासारखे होते. सकाळची पहिली दहा किलोमीटर मी तोंडाने 'डावा ब्रेक, उजवा गिअर' असे स्तोत्र म्हणत जात असे. सवयीच्या गाडीवर माणूस संकटात विचार करीत नाही, पाय आपण होऊन दाबतो. उजवा पाय दाबल्यावर ब्रेकच्या जागी गिअर पडला तर गाडी थांबण्याऐवजी पुढे पळते. अनेकांच्या घरी आजोबांची बुलेट झाकून ठेवलेली आहे आणि नातवाला ती एक दिवस कॉलेजात आणायची आहे. त्या नातवाने आधी गावाबाहेरच्या माळावर आठवडाभर पाय घोटावेत.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर माझ्या मताच्या गाभ्याकडे येतो. कुंभार्ली घाट आम्ही उतरलो तेव्हा मी बुलेटवर होतो. तिच्या दोन्ही चाकांना ड्रमचे ब्रेक. ड्रमच्या आत दोन लायनर फाकतात आणि घासून चाक थांबवितात. लांबच लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की आतली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. लायनरची पकड कमी होते, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून किंचित दूर जातो आणि मूठ पूर्वीइतकीच दाबली तरी गाडी पूर्वीइतकी थांबत नाही. म्हणून दादांनी निघताना बजावले होते, "घाटात ब्रेकवर इस्वास ठिवू नगंस. दुसऱ्या गिअरात उतर, इंजिनच धरतंय." तसेच उतरलो आणि काही झाले नाही. पण साऱ्या घाटात डोळे वळणावर आणि मन पायात होते. खाली शिरगावात उतरून चहा प्यालो तेव्हा मावसभाऊ दरीचे वर्णन करीत होता. मी दरी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या पुढे मी हिमालयनवर होतो. वळणावर रस्त्यात बारीक खडी सांडलेली आणि त्याच क्षणी कुंपणातून एक रेडकू धावत रस्त्यात आले. मी दोन्ही ब्रेक गच्च आवळले. मुठीला आतून कोणी तरी भराभर टकटक केल्यासारखे झाले, हँडल सरळ राहिले आणि गाडी रेडकापासून दोन हातांवर थांबली. ही करामत ए.बी.एस.ची. चाकाजवळचा सेन्सर चाकाची गती मोजत असतो. ते अडकून घसरणार असे दिसले, की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा द्यायचा, असे एका सेकंदात अनेकदा चालते. अडकलेले चाक घसरते आणि फिरणारे चाक वळू शकते, एवढेच त्यातले तत्त्व. बुलेट बरीच मागे होती. तीही थांबली, पण तिच्या मागच्या चाकाने खडीत आठ-दहा पावलांची तिरपी रेघ ओढली. यात बुलेटचा दोष नाही. त्या काळच्या सगळ्याच गाड्या अशाच थांबत. पण रेडकाला किंवा रेडकाच्या जागी एखाद्या पोराला, गाडी कोणत्या काळची आहे याच्याशी काय कर्तव्य?

१२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या फटफटीला एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात ए.बी.एस. सक्तीचे झाले, तेव्हा गाड्यांच्या किमती वाढल्या म्हणून आमच्या शेडमध्ये पुष्कळ आरडाओरड झालेली मला आठवते. मला ती सक्ती योग्य वाटते. जी गोष्ट मोजक्या लोकांच्या महागड्या गाड्यांत असे, ती कायद्याने हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कामगारापर्यंत आली.

आता मोडतोडीचे पाहू. कारण बुलेटवाले येथे येऊन थांबतात आणि येथे ते बरेच खरे बोलतात. वेळास ओलांडल्यावर बुलेट ठसकू लागली आणि बाणकोटच्या अलीकडे बंद पडली. झाकण उघडले. पॉइंटची टाच झिजून फट मिटली होती, म्हणून ठिणगी नीट पडत नव्हती. जुन्या पद्धतीच्या इंजिनात हे काही हजार किलोमीटरला व्हायचेच. पॉलिश पेपरने पॉइंट घासले. फट मोजायचे गेज जवळ नव्हते, तेव्हा दादांची युक्ती वापरली: दाढीच्या ब्लेडची चार पाती एकावर एक ठेवली की जवळजवळ तेवढीच जाडी होते. तोवर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येऊन उभे राहिले. मुंबईला गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी विचारले, "पॉइंट ना? माझ्या राजदूतचं पण हेच असायचं." वीस मिनिटांत गाडी चालू. त्या वीस मिनिटांत आम्हांला त्यांची गिरणी, त्यांचा संप, त्यांचा मुलगा आणि घरची कोकम सरबते एवढे सगळे मिळाले. उघड्या इंजिनाभोवती माणसे जमतात. कारण त्यात काय चालले आहे ते त्यांना दिसते.

हिमालयनला श्रीवर्धनमध्ये पंक्चर झाले. खिळा आपला, रस्ता श्रीवर्धनचा, गाडीला बोल नाही. तिचे चाक स्पोकचे आणि टायरमध्ये ट्यूब, म्हणून चाक काढावे लागले. १९९ किलोची गाडी मधल्या स्टँडवर चढविली, लिव्हरने टायर उचकटला, तासभर गेला. तेही आमच्या आवाक्यातले होते. पण त्या रात्री दिवेआगरला जेवताना मी मावसभावाला विचारले, "समज, वाटेत तुझ्या गाडीच्या काट्याजवळचा तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला असता, तर?" तो म्हणाला, "टेम्पो."

त्या एका शब्दात आमच्या दादांचे सगळे भवितव्य आले.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस.-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि कार्बोरेटर फटफट्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्शन आले. किती हवा आत येते, इंजिन किती तापले आहे, सायलेन्सरमधल्या धुरात प्राणवायू किती उरला आहे, हे सेन्सर मोजतात आणि एक लहानशी पेटी दर फेऱ्याला ठरविते, की पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडायची. हे चांगलेच आहे. धूर कमी होतो आणि थंडीत पहाटे चोक ओढून शिव्या देत किक मारावी लागत नाही. हवा विरळ असलेल्या उंचीवर कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतो आणि इंजिन गुदमरते. इंजेक्शन तिथे आपले माप बदलते. लेहच्या रस्त्यावर हिमालयनवाले मिशीला पीळ देतात त्याचे अर्धे श्रेय या पेटीचे. पण ती पेटी बोलते ते फक्त स्कॅनरशी. दादा तीस वर्षे इंजिनाला कान लावून आजार सांगत आले. डिसमिसचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, असे उभे राहून ते टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेले आहे ते सांगतात. पेटीचे दुखणे कानाला ऐकू येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत निम्म्या पानांवर एकच उपाय लिहिलेला असतो: अधिकृत विक्रेत्याकडे जावे. गेल्या काही वर्षांत आमच्या शेडमध्ये अशा कितीतरी गाड्या ढकलत आल्या आणि ढकलतच कऱ्हाडला गेल्या.

तेव्हा मी, मिस्त्रीचा मुलगा, जुन्या बुलेटचा झेंडा घेऊन उभा राहीन, अशी माझ्या मित्रांची अपेक्षा होती. घरी परत आल्यावर दादांनी विचारले, "कुटली बरी?" मी थोडा घुटमळलो. तेच म्हणाले, "आरं, पळत्यात समद्याच. थांबती कुटली, त्ये बघ." मी म्हणालो, "हिमालयन." ते म्हणाले, "मग इचारतोस काय?" आणि बुलेटचे ऑइल सोडायला बसले.

माझे मत हेच आहे. लांबच्या प्रवासाला, घाटाला, रात्रीला, पावसाला, अनोळखी रस्त्याला नवी गाडी चांगली. ती थांबते, ती सरळ राहते, तिच्यावर माणूस दरी पाहू शकतो. पेट्रोलचा हिशेब आम्ही वहीत ठेवला होता, तो दोन्हींचा जवळजवळ सारखा आला, म्हणून त्यावर शाई घालवीत नाही. जुन्या गाडीचे कौतुक करणारांपैकी बहुतेकांना ती रोज चालवायची नसते, तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढायचे असते. काहींना तर नुसता आवाज हवा असतो. नव्या बुलेटचा सायलेन्सर काढून फटाके वाजवीत महाविद्यालयासमोरून जाणारे आमचे बंधू त्यातलेच. दादांची १९८६ सालची गाडी त्यांच्यापेक्षा शांत चालते, हे मी शपथेवर सांगतो.

पण नवी गाडी चांगली असे म्हटले की माझे काम संपत नाही. जुनी बुलेट मला आवडते त्याचे कारण तिचा ठोका नव्हे, ती उघडता येते हे आहे. तिच्यातले सगळे ज्ञान सातवी शिकलेल्या माणसाला हाताने मिळविता आले. नव्या गाडीतले ज्ञान वाईट नाही, ते कुलपात आहे. ते कुलूप लोखंडाचे नाही, इंग्रजीचे आहे आणि कंपन्यांच्या मर्जीचे आहे. म्हणून 'जुने दिवस परत आणा' असे रडण्यात मला अर्थ दिसत नाही. नव्याची किल्ली मागितली पाहिजे. ही मागणी काही माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्या-फटफट्याही त्यात धरल्या आहेत. विकलेल्या वस्तूची माहिती आणि सुटे भाग कंपनीने घेणाराला आणि बाहेरच्या मिस्त्रीला उपलब्ध करावेत, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम आहे. पण पोर्टल उघडून इंग्रजीतून वाचायचे कोणी? पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या माणसाने?

येथे आपण कला शाखेची मंडळी उपयोगी पडू शकतो, असे मला वाटते. दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आपण भाषेच्या थोरवीवर निबंध लिहितो, वक्तृत्व स्पर्धा घेतो, ढाल मिळवितो. मी स्वतः त्यात दुसरा आलेलो आहे. पण इंधनाच्या पंपावर मराठीत एक पान लिहावे, असे आपल्यापैकी कोणाला वाटत नाही, कारण ते 'साहित्य' नाही. आमच्या ग्रंथालयात मराठी कादंबऱ्यांनी कपाटे भरली आहेत, त्याचा मला आनंद आहे. त्यातल्या एका कपाटाच्या खालच्या फळीवर इंजेक्शनच्या फटफटीविषयी एक मराठी पुस्तक असते, तर माझे वडील आयुष्यात पहिल्यांदा या महाविद्यालयात आले असते. माझ्या प्रवेशाच्या वेळीही ते फाटकाबाहेरच थांबले होते. "कपडं ऑइलचं हायत" म्हणाले.

मावसभावाने दुरुस्तीची एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका मिळवून दिली आहे. डिसेंबरपासून रात्री जेवणे झाल्यावर मी ती वाचतो आणि दादांना मराठीत सांगतो. माझ्या बी.ए.च्या इंग्रजीचा असा उपयोग होईल, असे ना विद्यापीठाला वाटले असेल ना मला. पुष्कळ शब्द कोशात सापडत नाहीत. जे सापडतात ते असे अवघड असतात, की इंग्रजी बरे. मग दादाच नाव ठेवतात. सायलेन्सरमधल्या प्राणवायूच्या सेन्सरला त्यांनी 'धुराचं नाक' म्हटले आहे आणि मूठ किती पिळली ते सांगणाऱ्या सेन्सरला 'चहाडखोर'. आई म्हणते, बापलेक पोथी वाचायला बसले. मी एका वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे आमचे शब्द लिहीत चाललो आहे. सत्तर-ऐंशी शब्द झाले आहेत. कोणा मित्राला वा प्राध्यापकांना ती वही पाहावयाची असेल तर संध्याकाळी सहानंतर शेडवर यावे. पिचकारीचे प्रकरण पुरे झाले. टाकीतल्या पंपाचे प्रकरण माझी सत्र परीक्षा आटोपल्यावर घ्यावयाचे ठरले आहे.